थांबे

घरापासून मानशीपर्यंत पाचशे पावलं.
चाळीस वर्षं मी ती मोजली नाहीत.
भरतीला फळ्या टाकायच्या, ओहोटीला उचलायच्या,
चोडणच्या खाजनात खारं पाणी शिरू द्यायचं नाही,
एवढंच काम.
मग उजवी पोटरी मोजायला लागली.

एकशेदहाव्या पावलाला, खुरसापाशी, ती आवळायची
जसा कुणी ओला दोर पिळतोय.
मी उभा राहायचो, जळत्या मेणबत्त्या बघत.
बायका म्हणत, सगुणबाब अलीकडे भाविक झालेत.
पुढे रुझारच्या पसऱ्यावर काडेपेटी घ्यायचो.
विडी सुटून तीन वर्षं झाली होती.
शेवंतीने कपाटातल्या अठरा काडेपेट्या एकदा मोजल्या,
काही बोलली नाही.

बांबोळीत जाळी बसवली.
वर्षभर खुरीस न थांबता मागे पडला.
मग जाळीच्या आतच वाट पुन्हा बुजली.
गाळ का, मी विचारलं.
"गाळ नव्हे, तुमचंच मांस," डॉक्टर लोर्ना म्हणाली,
"जखम भरावी तसं आतून वाढतं."
म्हणजे अंग मला बरं करायला गेलं?
"थोडं जास्तच."

ह्या खेपेला दुसरी जाळी नको, फुगा.
औषध माखलेला. आत नेऊन फुगवायचा,
औषध भिंतीला लागलं की काढून घ्यायचा.
"आणि परत भरलं तर?" शेवंती.
"तर परत बघू."
आमच्या धाकटीच्या वयाची पोर, खोटं बोलली नाही.

मी जागाच होतो. ती जांघेतून शिरली.
रंग सोडला तसा पाय आतून ऊन झाला
आणि पडद्यावर माझी मांडी, नदीसारखी,
काळं पाणी धावत येतंय,
एका जागी केसाएवढं होतंय.
फुगा फुगला. पोटरीने बोंब मारली.
तीन मिनिटं म्हणाले होते.
मी मानशीच्या फळ्या मोजल्या, अकरा,
वरून खाली, खालून वर, पुन्हा वरून,
कितव्या खेपेला सुटलं ते आठवत नाही.
नर्सने पावलावर दोन बोटं ठेवली,
कान दिल्यासारखी मान कलती करून.
"लागतंय," म्हणाली.

आता खुरसापाशी काही होत नाही.
परवा रुझारच्या दारावरून सरळ पुढे गेलो
तर मागून हाक: "सगुणबाब, रागावलात?"
त्याने माझ्यासाठी स्टूल केलं होतं,
फणसाच्या फळीचं, मी दवाखान्यात असताना.

बसलो. काडेपेटी घेतली.
पाय दुखत नव्हता.

रोज बसतो आता, दोन्ही ठिकाणी, वेळ धरून.
पुढे कधी खरंच थांबावं लागलं
तर वाटेवर कुणाला
फरक कळायला नको.
शेवंतीला कळेल. ती काड्या मोजते.