पितळेचे हात

चियाई शहरात, मासळीबाजाराच्या मागे,
सायकलवाल्याला खेटून माझं कुलपांचं दुकान :
दोन माणसं आत आली
की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं.
चाळीस वर्षं किल्ल्या कापतोय.
पितळेचा कीस नखांत, भुवयांत,
कधीकधी भाताच्या वाडग्यातसुद्धा.

टाकी आली ती उधारीच्या बदल्यात.
शोभेचे मासे विकणाऱ्या शिऊ-चिंगनं
तीन कुलपं बसवून घेतली, पैसे नव्हते;
काचेची टाकी दिली, काळी माती, मूठभर शेवाळ,
बुडबुडे सोडणारा स्पंजचा बोळा,
आणि म्हणाली, "आता यात काही टाकू नकोस."
काही म्हणजे?
"काहीच. महिनाभर नुसतं पाणी पाळ."

पाणी पाळायचं!
गिऱ्हाईक विचारी, यात आहे काय?
मी म्हणे, पाणी.
ते वाकून बघे, मग माझ्याकडे बघे,
मग किल्लीचे पैसे जरा घाईनंच देई.
दुसऱ्या आठवड्यात पाणी दुधाळलं,
चौथ्यात काचेवर हिरवी साय.
शिऊ-चिंग कागदाची पट्टी बुडवून रंग बघायची,
मान हलवायची. अजून नाही.
ज्या घरात कुणी राहत नाही
त्या घराला कुलूप लावून देणारा मी;
मला वाटलं होतं, रिकामं काय ते मला कळतं.

सहाव्या आठवड्यात दहा आल्या.
लाल. कोळंबी म्हणायला लाज वाटावी एवढ्या :
भाताच्या शिताहून थोड्या लांब,
मिशा मात्र अंगाहून मोठ्या.
नळीला गाठ मारून, थेंब थेंब,
टाकीतलं पाणी त्यांच्या पिशवीत सोडलं, दोन तास.
एवढी ओळख मी जावयाशीही करून घेतली नव्हती.

मग एक गेली. मग दोन.
रविवारी आणखी एक.
पाणी बदललं, खाणं बंद केलं,
नळाला शिव्या दिल्या.
शिऊ-चिंग आली. टाकीकडे तिनं पाहिलंच नाही.
म्हणाली, "हात दाखव."
ज्योतिषाला दाखवतात तसे दाखवले.
पितळेत तांबं असतं,
तांबं म्हणजे यांचं मरण, कणभरसुद्धा नको.
आणि मी रोज सकाळी शेवाळ सारखं करत होतो,
प्रेमानं, बोटांनी.

हात धुऊन मागे लागणं म्हणतात ना,
तसा लागलो, अक्षरशः :
साबण, ब्रश, पुन्हा साबण, कोपरापर्यंत.
यंत्र मागच्या भिंतीला नेलं, टाकी पुढे, वर झाकण.
बोट पाण्यात घालणंच सोडलं.
आता लांब चिमटा.

एका सकाळी तळाशी एक पडलेली दिसली,
आरपार दिसणारी. पाय, मिशा,
डोळ्यांच्या खोबणी, सगळं जागच्या जागी.
उरल्या पाच, मनात म्हटलं.
चिमट्यानं उचलली तर वजनच नाही.
मोजल्या. सहा.
पुन्हा मोजल्या. सहाच.
एक शेवाळाखाली दबून बसलेली, मऊ,
अंग अजून घट्ट व्हायचं होतं तिचं.
कात टाकली होती.
मानेपाशी एक फट, बस्स.
ना कानस, ना किल्ली, ना मी.

ते कवच मी फेकणार होतो.
शिऊ-चिंग म्हणाली, राहू दे, त्याच खातील.
खाल्लं.

आता रस्त्याकडेच्या बदामाची सुकी पानं
मी वाकून उचलतो, उकळून टाकीत सोडतो.
कालपासून एकीच्या पोटाखाली
पिवळट दाण्यांचा घोस आहे,
पायांनी ती त्यांना सारखा वारा घालते.
पंचवीस असतील, तीस. मोजायला थांबत नाही.

आज एक म्हातारा किल्ली करून घ्यायला आला.
यंत्र चालू होतं, माझी पाठ होती;
वळलो तर झाकण उचलून बोट आत घालणार,
मी इतक्या जोरात ओरडलो
की किल्ली न घेताच गेला.
ती खिळ्याला लटकते आहे.
अंधार पडला, तो परत आला नाही.
स्वतःच्याच दाराबाहेर उभा असेल कुठेतरी.
किल्ली खिशात टाकतो, शटर ओढतो,
निघतो शोधायला.
परत आलो की आधी साबण.