चालू की बंद

तांडापेठेत पोचलो सकाळी दहाला.
पिशवीत दीडशे फॉर्म, पॅड, पाण्याची बाटली.
पहिल्याच पानावर छापलेली
देशाच्या कापडधंद्याची रचना :
वरच्या चौकटीत गिरण्या, तिच्याखाली यंत्रमाग,
आणि तळाला, कागदाची घडी पडते तिथं,
हातमाग.

"नाव?"
"लिहा ना, चिंधू हेडाऊ.
माह्या आधीचे दोन जगले नाई,
मायनं मंग चिंधीच म्हटलं मले.
चिंधीले कोन नेते?"

"माग किती?"
"एक."
"चालू की बंद?"

त्यांनी खाट सरकवली, फळी उचलली.
खड्डा. कमरेइतका खोल,
काठ पायांनी घासून घासून गुळगुळीत.
आत कांदे.

"सूत आलं का कांदे भायेर, पाय अंदर.
नाई आलं, का पाय भायेर, कांदे अंदर.
आता तुमीच सांगा, काय लिवता."

यंदा सूत एकदाच आलं. सोसायटीचं,
अठरा दिवसांचं, पंच्यांपुरतं.
बाकी वर्षभर ते बर्डीवर
साड्यांच्या दुकानात रात्रपाळीचे राखणदार.
सुरतच्या मालाला कुलूप तेच लावतात.

मला अहवाल पाठ आहे.
चात्या वाढल्या, मीटर वाढले,
बंदरावरचे कंटेनर वाढले. खोटं नाही ते.
हिंगणघाटच्या गाठी निघतात,
कोइमतूरला त्यांचं सूत होतं, इचलकरंजीला कापड,
तिरुपूरच्या बाजूला कुठं त्याला बाह्या फुटतात,
आणि आडनाव बदलून कापूस
गांधीबागेत परत येतो.

त्यांनी माझी बाही चिमटीत धरली,
डोळे मिटून चोळली.
"मिसळ हाय. पालिस्टर जास्त.
अन् हे विणणारा घाईत होता."
मग बाही सोडून, सहज,
"तुमचे वडील कोनत्या खात्यात?"

मी काहीच सांगितलं नव्हतं.
सूतखात्यात, म्हणालो.
मिलचा भोंगा थांबला तेव्हा मी नववीत.
पगार गेला, ते सगळ्यांचंच गेलं.
आमच्या घरी त्या आठवड्यात
पहिल्यांदा भिंतीवर घड्याळ आलं,
आणि बाप ते रोज
पाच मिनिटं पुढं करायचा. का, ते विचारलं नाही.

चौकटी दोनच. पेन दोन्हींच्या मधे टेकवून
बसून राहिलो. तिथं खूण केली तर
संगणक फॉर्म परत पाठवतो,
आणि मग मागाहून मीच यायचं,
याच माणसाला हेच विचारायला.

तेवढ्यात मागून आवाज, टप् टप्.
चिंधूजींची बायको, सयत्रा,
खड्ड्यात वाकून कांदे टोपलीत काढत होती.
घामेजली होती. अर्धा खड्डा रिकामा.
"आले ना सूत घेऊन? सोसायटीचेच ना तुमी?"

मी पिशवी उघडून दाखवली.
तिनं आत हात घातला, तरीही,
आणि एक फॉर्म दोन बोटांत चोळून पाहिला.