खडक लागला

नकाशात रस्ता सरळ आहे.
नकाशात सगळंच सरळ असतं.
पट्टी धरून रेघ ओढली की
मधे येईल ते फक्त टिंब.
एकतीस नंबरचं टिंब : चिनार,
वय अंदाजे नव्वद, घेर तीन मीटर दहा,
शेरा : ‘राखावे’.

तिबिलिसीत बारा वर्षं चर खणतोय मी,
‘राखावे’चा अर्थ मला माहीत आहे.
खोडाभोवती चार फळ्या बांधायच्या,
फळ्यांचा फोटो काढायचा
आणि दोन हातांवरून पाइपाचा चर न्यायचा.
मुळं तुटताना फारसा आवाज होत नाही,
ओली दोरी तुटावी तेवढाच.
झाड त्या वर्षी हिरवंच राहतं. पुढच्याही.
तिसऱ्या उन्हाळ्यात शेंडा वाळतो,
चौथ्यात पालिका ‘धोकादायक’ म्हणून कापते.
तोवर आम्ही दुसऱ्या गल्लीत,
हात धुऊन.

सकाळी सात. आवतोनं यंत्र सुरू केलं.
समोरच्या औषधाच्या दुकानातून लामारा आली,
पांढऱ्या कोटावर शाल, हातात स्टूल.
मला वाटलं, आता ओरडेल, खोडाला मिठी मारेल,
कॅमेरेवाले बोलावेल.
तिनं स्टूल ठेवलं
झाडापासून चांगली नऊ पावलं लांब,
कालचा चर जिथे थांबला होता तिथे,
आणि बसली.
“बाई, झाड तिकडे आहे,” मी म्हटलं.
“खोड तिकडे आहे,” ती म्हणाली.
“झाड इथवर आहे.”

मग, कुणी विचारलं नसताना, सांगू लागली :
वीज नव्हती, गॅस नव्हता, त्या हिवाळ्यात
या रस्त्यावरची अकरा झाडं लोकांनी शेगडीत घातली.
नावं कुणाला ठेवणार? थंडी होती.
तिच्या नवऱ्यानंही कुऱ्हाड आणली, उसनी.
खाली गेला. वर आला.
आणि झोपायच्या खोलीतली जमीन उपटायला लागला,
ओकच्या फळ्या, सासऱ्यानं स्वतः बसवलेल्या.
“का, ते त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही.
मी अजून तिथे सिमेंटवर चालते.
पाय गार पडतात.”

एवढंच. रडली नाही, काही नाही.
आवतोनं यंत्र बंद केलं, सिगारेट पेटवली,
माझ्याकडे बघेना.

तेंगिझ इंजिनियरला फोन लावला.
तो म्हणाला, वळसा म्हणजे
चार पाइप जास्त, दोन सांधे, दोन दिवस.
कारण काय लिहू?

कारण.

मी चरात उतरलो. फावडं वरच ठेवलं,
बोटांनी माती बाजूला केली.
मनगटाएवढं एक मूळ, त्याला करंगळीएवढी,
त्यांना केसांएवढी, पांढरी, ओलसर.
त्यांनी माती धरली होती
की मातीनं त्यांना, सांगता येईना.

वर येऊन नोंदवहीत लिहिलं :
‘खोली ऐंशी सेंटिमीटर. खडक लागला. वळण घेतले.’
अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

बत्तीस नंबर वाचलं नाही.
ते रात्रपाळीत गेलं,
आणि रात्रपाळीला कुणी स्टूल घेऊन आलं नाही.
मीही नाही.

पाइपामागून कडेचे दगड वळले, दगडांमागून रस्ता.
आता दुकानासमोर तो जरासं पोट आत घेतो.
बसमधली उभी माणसं एकदम डावीकडे कलतात,
ड्रायव्हर शिव्या घालतो
कुणा अडाण्याच्या बापाला.
घालू देत.

कधी गुडघ्याच्या मलमाला गेलो
तर लामारा गल्ल्यावरूनच विचारते,
“तुझा खडक कसा आहे?”
मी दारातून वर बघतो.
म्हणतो, पालवी फुटलीय त्याला.
ती पैसे मोजून घेते,
सुट्टे कधीच सोडत नाही.