काठ

रंगनाथ गांगुर्डे, वय एकसष्ट,
नोटांच्या प्रेसमधून निवृत्त, तपासणी विभाग.
मोठ्या आतड्याचं ऑपरेशन गेल्या दिवाळीआधी.
दर तिसऱ्या मंगळवारी जेलरोडवरून रिक्षाने येतात
द्वारकेच्या आमच्या लॅबमध्ये,
डावी बाही आधीच दुमडलेली.
मी रबर बांधते. ते सुईकडे बघत नाहीत,
नळीवरचं लेबल बघतात,
सरळ चिकटलंय का.

आज विचारलंच त्यांनी,
"एवढं रक्त नेऊन शोधता तरी काय, ताई?"

काय सांगू.
पेशीत एक अवाढव्य मजकूर आहे, काका.
त्यातला शंभरात दीडेक भाग प्रथिनं घडवतो.
उरलेल्यातल्या पुष्कळशाची नुसती नक्कल निघते,
आरएनए म्हणतात तिला,
आणि त्या नकलेतून प्रथिन काही घडत नाही.
कित्येक वर्षं आमच्यातले शहाणे त्याला कचरा म्हणत.

ते हसले. "म्हणजे काठ," म्हणाले.
"शीट छापून निघते ना,
तिच्या कडेला बारीक फुल्या असतात, रंगाचे चौकोन असतात.
नोटेवर त्यातलं काही येत नाही.
कटिंगला काठ गेला की पोत्यात, पोतं लगद्यात.
पण फुलीवर फुली बसली नाही
तर हिरवा घुसतो गुलाबीत,
रेघ चढते रेघेवर.
बत्तीस वर्षं मी आधी काठ बघायचो.
मग नोट."

नळी भरली होती. मला सुई काढायचं सुचलं नाही.
आमच्या मॅडमना हेच सांगायला
चाळीस स्लाइड लागतात.

एक मात्र मी बोलले नाही.
की काही नकला अगदी चिमुकल्या, वीस-बावीस अक्षरांच्या.
पंगतीत पानावर आडवा हात धरतात ना,
तेवढंच त्यांचं काम:
पुरे.
आणि एक असते लांबलचक.
ती हे हात धरून ठेवते, एकेक करत.
मग वाढणारा वाढतच सुटतो.
(पानातलं वाढणं, पेशीतलं वाढणं,
मराठीला दोन शब्द करावेसे वाटले नाहीत.)

जूनच्या नळीत ती लांबलचक चौपट होती.
सप्टेंबरात अकरापट.
स्कॅन अजून स्वच्छ आहे.
स्कॅन नोट बघतो.

कापूस दाबून धरत ते उठले,
दारापर्यंत गेले, वळले.
"फुली सरकलीय का?"
रिपोर्ट मॅडम सांगतील, मी म्हटलं.
"केसभर असेल तर राहू द्या.
केसभर आम्हीसुद्धा पास करायचो."

खोटं. या माणसाने
एक शीट तशी सोडली नसणार.

खाली पुलावरून मालेगावकडचे ट्रक,
सेंट्रिफ्यूज त्यांच्याच सुरात घुमतंय.
मी दुहेरी हातमोजे चढवते.
उघड्या बोटाच्या घामानेही विरते ही नक्कल,
आणि त्यांच्या रक्तातून मात्र
न तुटता इथवर येते.

नळी उचलली.
लेबल एका बाजूने जरासं तिरकं.
सोलून काढलं.
पुन्हा लावलं.