तिसरी फळी

आठवड्यातल्या सहा रात्री मी गायब व्हायची.
तीन सीताबर्डीला, प्रोफेसर खांडव्यांच्या खेळात,
तीन इतवारीत, उस्ताद जानरावांच्या टिनाच्या मंडपात.
तिकडे पावडर थापून मिस रोझी,
इकडे जाळीच्या पदराआड पाताळातली यक्षिणी.
सोमवारी सुट्टी. सोमवारी मी ठमी,
जुम्मा तलावावर धुणं आपटणारी.

दोघांच्याही पेट्या झिबल सुतारानंच केल्या.
दोघांनीही त्याला मुलाबाळांची शपथ घातली होती.
झिबलला मूलबाळ नव्हतं.
लाकूड संत्र्याच्या खोक्यांचं, वर काळा रंग, चंदेरी नाग;
आत बसलं की अंधाराला सालीचा वास यायचा
आणि मला, खरं सांगते, भूक लागायची.

खांडवे म्हणायचे, जानराव म्हणजे गारुडी, टोपलीवाला.
जानराव म्हणायचे, खांडव्याचं इंग्रजी काढून घ्या,
उरते काय? कोट.
एकानं कबूतर काढलं की दुसऱ्यानं दोन.
एकानं घड्याळ फोडून जोडलं की
दुसऱ्यानं नायब तहसीलदाराचं फोडलं.
ते जुळलं नाही. पैसे भरावे लागले.
वेष पालटून दोघंही एकमेकांच्या खेळाला जायचे,
चार आण्यांच्या रांगेत,
टाळी वाजू नये म्हणून हात मांडीखाली दाबून.

मार्गशीर्ष होता. लोक पेट्रोमॅक्सवर हात शेकत होते.
जानरावांनी हाक दिली, आहे कोणी पेटी तपासणारा?
पागोटं बांधलेला एक कापूसवाला वर आला.
मी आत. कडी लागलेली.
त्यानं फळ्या ठोकल्या, वाकून खिट्टी चाचपली.
फटीतून बोटं दिसली,
करंगळीवर तेजाबाचा डाग.
परवाच याच बोटांनी रोझीला स्टेजवरून उतरवलं होतं.
अंगठ्याखाली एक बारीक खिळा होता. तो आत गेला.
खिट्टी मेली.

आत कोण आहे, त्याला ठाऊक नव्हतं.
ठाऊक असतं तर?
चाळीस वर्षं रीळ भरताना मी हेच विचारत राहिली.

बाहेर ढोल. जानरावांनी मंत्र म्हटला. पुन्हा म्हटला.
तिसऱ्यांदा त्यांचा आवाज फाटला.
तेव्हा आठवलं, पेटी देताना झिबल कानाशी बोलला होता,
"या दोघायले दोन वाटा ठाऊक.
तिसरी तुह्या टाचेखाली आहे, पोरी.
खेळासाठी वापरू नोको."

टाच दाबली. फळी सरकली, कुरकुरलीसुद्धा नाही.
खाली माती, खुंटे, गार शेणाचा वास,
एक झोपलेलं कुत्रं. त्यानं जागा दिली.

वर पेटी उघडली. रिकामी.
अशा टाळ्या उस्तादांना जन्मात पडल्या नव्हत्या.
आता मला मागच्या दारातून परत आणायचं होतं.
तोवर मी हंसापुरीच्या पुढं गेली होती, अनवाणी.

दुसऱ्या रात्री बर्डीला रोझीही आली नाही.
खांडव्यांना वाटलं, सूड.
जानरावांना वाटलं, पागोटंवाल्यानं पळवली.
एकच पोरगी, दोन फिर्यादी.

एम्प्रेस मिलच्या रीळखात्यात मी ठमाबाई झाली.
भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर.
शेकडो बाया रोज गायब व्हायच्या, रोज परत यायच्या.
पडदा नाही, ढोल नाही.

पुढं कधीतरी महालात, चहाच्या टपरीवर
दोन म्हातारे एकाच बाकावर दिसले.
मध्ये आगपेटीच्या काड्यांची चौकट मांडलेली.
"आरसा असणार."
"आरशाला जागा कुठं होती, प्रोफेसर?"
"मग तूच सांग."
"मला ठाऊक असतं तर मी तुमच्यासोबत चहा पिला असता?"

माझ्या पिशवीत संत्री होती. दोन बाकावर ठेवली.
भिकारी समजते की काय बाई, म्हणून खांडवे चिडले.
जानराव काही बोलले नाहीत.
वळणावरून मागं बघितलं,
ते नख लावून साल सोलत होते,
आणि मध्येच थांबून
बोटांचा वास घेत होते.