इतिवृत्त

सात वाजून चार मिनिटांनी सभा सुरू झाली,
असं मी लिहिलं.
दारापाशी बुटांभोवती साचलेलं तळं,
व्हरमाँटचा मार्च, अर्धा चिखल अर्धं बर्फ,
हे लिहिलं नाही.

विषय क्रमांक तीन: अग्निशमन केंद्र
मिल स्ट्रीटवरून हलवून हमरस्त्यालगत,
टायरच्या दुकानापलीकडे नेण्याबाबत.

जागा मुळात फिलोमीन गान्यों हिची.
कागदगिरणीच्या आगीत नवरा गेला, त्या वर्षी
तिनं पाव एकर गावाला लिहून दिली:
जोवर इथे घंटा टांगलेली आहे
आणि घोडा जुंपायला तयार आहे,
तोवर.

गावाचे वकील एल्सवर्थ प्राउटी चष्मा पुसत म्हणाले,
घंटा भंगारात गेली चौऱ्याहत्तर साली, घोडे त्याच्या कितीतरी आधी.
अट केव्हाच मोडली. कोणी हूं की चूं केलं नाही.
रहिवाशांची वकीलबाई उठली, तरुण, सर्दीनं बेजार:
प्रश्न घोड्याचा नाही, शब्दाचा आहे.
तिथे 'जर' असतं तर वारसांना दावा लावावा लागला असता.
तिथे 'जोवर' आहे.
जोवर संपलं की जमीन आपली आपण परत जाते,
कोणी न मागता, ओढ्याची कड खचते तशी.

मी दोन्ही शब्द लिहून घेतले.
एकवीस वर्षं या खुर्चीत बसते मी,
त्यांच्याकडे नीट पाहिलं नव्हतं.

मग ओडील तिबोदो, वय ब्याऐंशी, काठी टेकत:
नवी जागा आणि आमची घरं यांच्यामध्ये रेल्वेचं फाटक आहे.
मालगाडी अडली की अकरा मिनिटं.
डबे मोजलेत मी. एकशे बारा.
आमच्या भिंतींत लाकडाचा भुसा ठासलाय,
गिरणीनंच दिलेला, फुकट.
भुसा अकरा मिनिटं वाट बघत नाही.

टाळ्या. हातोडा. पुन्हा टाळ्या.

मागच्या रांगेतून दिलमाया घिमिरे बोलली,
टेकडीवरच्या नव्या वस्तीतली, हातात कागद, पण कागदाकडे न बघता:
आमच्याकडे गाडी तेरा मिनिटांनी आली.
सासऱ्यांची खोली होती.
मी अंगणात उभी राहून ऐकत होते
तेच डबे, तुम्ही मोजलेले.

कोणी टाळी वाजवली नाही.
ओडीलनं खुर्ची जरा वळवली, मागे दिसेल इतकी.
हे लिहायला रकाना नाही.

नव्या बंबाची उंची दारापेक्षा आठ इंच जास्त,
दर खेपेला टायरमधली हवा काढून तो आत घेतात,
ही माहिती हिशेबनिसानं दिली.
खर्चाचा तक्ता सोबत जोडला आहे.

शेवटी मी पत्र वाचून दाखवलं.
एकुलता वारस, ल्युसियाँ गान्यों, अ‍ॅरिझोनातून:
जागा मी पाहिलेली नाही. मला नको आहे.
पणजीबद्दल आजी एवढंच सांगायची, की तिनं मागच्या बाजूला
नासपतीचं झाड लावलं होतं.
ते आहे का?

सभागृहात कागद हलायचे थांबले.
प्राउटींनी दस्त चाळला. दस्तात झाड नाही.
बंबखान्याचे प्रमुख हॉलिस काच्मारेक
संध्याकाळभर एक अक्षर बोलले नव्हते.
आहे, म्हणाले.
होज वाळवायच्या मनोऱ्याला टेकलंय.
फळं दगडासारखी. मीठ लावून खातो आम्ही,
कॉल नसतो तेव्हा.

निर्णय पुढच्या महिन्यावर.
नऊ एक्केचाळीस. सभा तहकूब.

घरी जाताना फाटक पडलं.
मीही मोजायला लागले, साठाच्या पुढे चुकले.

एप्रिलमध्ये इतिवृत्त मंजुरीला आलं,
तेव्हा प्राउटींनी हरकत घेतली:
नासपतीचा मजकूर विषयाला सोडून आहे, तो वगळावा.
मतदान झालं.
मजकूर राहिला, तीन विरुद्ध दोन.

केंद्राबाबत अजून काही ठरलेलं नाही.