मान खाली

उजेडाच्या टेबलावर कॉडचे तुकडे,
खालून दिवा, चिमट्याने किडे वेचायचे.
सव्वीस वर्षं हाल्बेराचं हेच काम.

त्या मंगळवारी किडे हटेनात.
चिमटा रिकामा येई, ठिपका पुढे सरके
नजरेबरोबर.
मग कडेला लखकन काहीतरी. पुन्हा.
"ट्यूब गेली वाटतं."
ट्यूब धड होती.

यागोदाने हातमोजे काढले.
"एक डोळा झाक. आता दुसरा. कोपऱ्यात काळं आहे?"
"नाकाच्या बाजूला. थोडंसंच."
"माझे वडीलही ग्दिनियात म्हणाले होते, थोडंसंच.
रविवार होऊन जाऊ दे."
पुढचं न बोलता तिने घड्याळ पाहिलं.
दुपारचं विमान अजून सुटायचं होतं.

रेक्याविकची डॉक्टर म्हणाली, पडदा सुटतोय,
ओल धरलेल्या भिंतीवरचा कागद सुटतो तसा.
मधला भाग अजून चिकटून आहे. आज रात्रीच करू.
भोक लेझरने डागलं, आत वायूचा बुडबुडा सोडला.
तो वर चढून पडदा दाबेल,
तू फक्त खाली बघ.

नवऱ्याची होडी रिकामी आली त्या दिवशीही
बंदरावर जिने मान खाली घातली नव्हती,
ती पाच दिवस बहिणीच्या स्वयंपाकघरात
फरशीच्या भेगा मोजत बसली.

परतताना विमान नाही; उंचीवर बुडबुडा फुगतो.
यागोदा गाडी घेऊन आली, समुद्राकाठाने,
फ्योर्डमागून फ्योर्ड.
डोळ्यात पाणसळीसारखी रेघ डुलत होती,
वर डोंगर स्वच्छ, खाली सगळं बुडालेलं.

"आणि तुझे वडील?"
"मला आवाजावरून ओळखायचे."

हाल्बेराने उतारावरच्या मेंढ्या मोजल्या.
सात.
पुन्हा मोजल्या.